होडीला मोटार देणारा कारागीर

ऊले एव्हिनरूडचा जन्म १८७७ साली नॉर्वे देशात झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे कुटुंब चरितार्थासाठी अमेरिकेस गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात रिप्ले सरोवराजवळ शेती करू लागले. अटलांटिक महासागरावरील त्या प्रवासात लहानगा ऊले वारंवार दिसेनासा होई, आणि शोध घेतला म्हणजे बोटीच्या यंत्रघरात सापडे, असे सांगतात. मुलाने शेतीत लक्ष घालावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्याने स्वतः बांधलेली पहिली होडी त्यांनी रागाने मोडून जाळून टाकली, अशीही एक हकीकत आहे. ऊलेने गुपचूप दुसरी होडी बांधली. ती इतकी सुबक उतरली, की वडिलांचा राग पार मावळला.

शाळेचे शिक्षण त्याला फारसे लाभले नव्हते. सोळाव्या वर्षी घर सोडून तो कारखान्यांतून काम करू लागला. दिवसा यंत्रांशी झटावे आणि रात्री गणित व यंत्रशास्त्राची पुस्तके वाचावी, असा त्याचा क्रम होता. पुढे तो मिलवॉकी शहरात स्थिरावला.

१९०६ च्या सुमारास, उन्हाळ्याच्या एका दिवशी, तो मित्रमंडळींसह ओकॉची सरोवरावर सहलीला गेला होता. बेस कॅरी या तरुणीला आइस्क्रीम खावेसे वाटले. दुकान दूरच्या तीरावर होते. ऊले होडी वल्हवीत तेथे गेला. परंतु परत येताना वारा उलटा लागला आणि आइस्क्रीम वाटेतच वितळून गेले! त्याच वर्षी त्या दोघांचा विवाह झाला. वल्ह्यांचे काम यंत्राकडे सोपविण्याचा विचार मात्र त्याच्या मनातून गेला नाही.

होडीला टांगण्याच्या मोटारी त्यापूर्वीही कोणी कोणी केल्या होत्या. त्यामुळे शोधाचे सारे श्रेय एकट्या एव्हिनरूडला देणे न्यायाचे होणार नाही. साध्या माणसाच्या हाती टिकेल अशी मोटार घडविणे, हे त्याचे खरे काम. पहिला नमुना पाहून बेसला ते कॉफी दळण्याचे यंत्र वाटले. १९०९ साली विक्रीस आलेल्या मोटारीची रचना सोपी होती. वर एकच सिलिंडर व जड चक्र. त्याला जोडलेला उभा दांडा पाण्यात उतरलेला. दांड्याच्या टोकाशी दंतचक्रे, आणि त्यांच्यामुळे फिरणारा पंखा. चक्राची मूठ धरून ते हाताने फिरविले, की मोटार सुरू होई. तिचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि शक्ती दीड अश्वशक्ती होती.

ऊलेने यंत्रे घडवावी आणि बेसने हिशेब, पत्रव्यवहार व जाहिराती सांभाळाव्या, अशी कामाची वाटणी झाली. डेन्मार्क-नॉर्वेकडील मच्छीमारांकडून मोठ्या मागण्या येऊ लागल्या. त्यांचे पोट होडीवर होते. उलट्या वाऱ्यात किनारा लवकर गाठता येणे, ही त्यांना केवळ सोयीची गोष्ट नव्हती. परंतु खारे पाणी धातू खाते, आणि एका सिलिंडरच्या मोटारीच्या हिसक्यांनी स्क्रू ढिले पडतात. पेट्रोलमध्ये योग्य प्रमाणात तेल मिसळणे, ठिणगी पाडणारा प्लग स्वच्छ ठेवणे, मोटार गोड्या पाण्याने धुणे, ही कामे न चुकता करावी लागत. शिवाय तेवढे ओझे रोज उचलायचे!

धंदा भरभराटीस आला, पण अतिश्रमांनी बेसची प्रकृती ढासळली. तेव्हा १९१४ साली एव्हिनरूडने आपला हिस्सा भागीदार क्रिस मेयर याला विकला. पाच वर्षे या धंद्यात उतरणार नाही, असे वचनही दिले, आणि पत्नी व मुलगा राल्फ यांना घेऊन तो प्रवासास निघाला.

त्या काळात त्याचे हात रिकामे असले तरी डोके रिकामे नव्हते. मुदत संपल्यावर त्याने नवी मोटार तयार केली. तिच्यात समोरासमोर दोन सिलिंडर होते. दोन्ही दट्टे एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावत. त्यामुळे एकाचा हिसका दुसरा बराचसा सावरून घेई. जड धातूंच्या जागी त्याने शक्य तेथे अॅल्युमिनियम वापरले. वजन ४८ पौंडांवर आले आणि शक्ती तीन अश्वशक्ती झाली. ही मोटार घेऊन तो आपल्या जुन्या भागीदाराकडे गेला. भागीदाराने ती नाकारली.

आता मोठीच अडचण आली. एव्हिनरूड हे नाव जुन्या कारखान्याचे झाले होते. ते त्याला स्वतःच्या मोटारीवर घालता येईना. चाळिशी उलटलेल्या त्या कारागिराने १९२१ साली एल्टो या नावाने नवी कंपनी काढली, आणि स्वतःचेच नाव धारण करणाऱ्या मोटारींशी त्याला बाजारात स्पर्धा करावी लागली. लोकांना हलकी मोटार पसंत पडली. १९२९ साली दोन्ही कंपन्या एकत्र झाल्या आणि त्याला त्याचे नाव परत मिळाले.

१९३३ साली बेस वारली. पुढच्याच वर्षी, १९३४ च्या जुलै महिन्यात, मिलवॉकी येथे एव्हिनरूडचेही निधन झाले. राल्फने वडिलांचा व्यवसाय पुढे चालविला. एव्हिनरूड नावाच्या मोटारींचे उत्पादन २०२० साली थांबले. कोकणच्या खाड्यांतील लहान होड्यांच्या मागच्या फळीवर ज्या मोटारी दिसतात, त्या निराळ्या कारखान्यांच्या आहेत. त्यांचाही दांडा उभाच असतो, पंखा पाण्याखालीच फिरतो, आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याही गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात.