कनिष्ठ न्यायासनावरील रानडे

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? परंतु ज्या हायकोर्टामुळें ‘न्यायमूर्ति’ ही पदवी त्यांच्या नांवास कायमची जडली, तेथें ते अवघीं ७ वर्षें बसले. त्यापूर्वींचीं २२ वर्षें बहुतांशीं खालच्या कोर्टांच्या कामांत गेलीं. त्या कमी परिचित काळाची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांत निफाड येथें झाला. बालपण कोल्हापुरास गेलें व पुढील शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत झालें. १८६२ सालीं मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्याच बी. ए. परीक्षेंत ते उत्तीर्ण झाले. पुढें एम. ए. व एल्एल. बी. होऊन कांहीं काळ अध्यापन केल्यावर १८७१ सालीं ते पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले.

दिवसा कोर्ट व उरलेल्या वेळीं लोककार्य, असा त्यांचा क्रम असे. सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक होते. सरकारी नोकरानें लोकांच्या गाऱ्हाण्यांत मन घालावें, हें कित्येक अधिकाऱ्यांस रुचलें नाहीं. १८७८ सालीं त्यांची बदली नाशिकास झाली. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें, त्या सुमारास पुण्यांतील जुने वाडेही जाळण्यांत आले, आणि रानड्यांस तांतडीनें धुळ्यास धाडण्यांत आलें. तेथें त्यांच्या टपालावरही नजर होती. अशा प्रसंगीं दुसरा एखादा संतापला असता अथवा भिऊन गेला असता. रानडे यांनीं दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. समोर आलेले दावे ते पूर्वीसारखेच शांतपणें निकालांत काढीत राहिले. अखेर संशयच थकला, आणि १८८१ सालीं ते मुंबईचे प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होऊन लवकरच पुण्यास परत आले.

या वेळीं त्यांच्यापुढें आलेलें काम मोठ्या जोखमीचें होतें. कर्जानें गांजलेल्या कुणब्यांनीं १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगा केला होता. सावकारांचीं खतें हिसकावून जाळावीं, हा त्यांचा मुख्य हेतु. पूर्वीं सावकारानें खत पुढें करावें, कुणबी कोर्टांत येऊंच नये आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जावी, असा प्रकार नेहमींचा असे. म्हणून पुणें, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीं १८७९ सालीं नवा कायदा झाला. खतावर न थांबतां व्यवहाराचा मुळापासून शोध घ्यावा, मुद्दल व व्याज निराळें काढावें, हप्ते बांधून द्यावे, आणि पैशांच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालूं नये, असें त्यांत ठरलें. परंतु कायदा कितीही चांगला असला तरी तो चालविणारा न्यायाधीश आळशी निघाल्यास गरिबास काय लाभ? खालचीं कोर्टें या कायद्याप्रमाणें चालतात कीं नाहीं हें पाहण्याचें काम रानडे यांजकडे आलें. १८८४ सालीं ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज झाले व १८८७ सालीं या कायद्याखालील स्पेशल जज्ज. त्यासाठीं गांवोगांव हिंडून त्यांनीं दफ्तरें तपासलीं.

त्यांच्या चरित्रांत एक उणेंही आहे, तें झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषानें १८७३ सालीं प्रथम पत्नी निवर्तल्यावर वडिलांच्या आग्रहास मान देऊन एका लहान मुलीशीं लग्न केलें. लोकांनीं त्यांस पुष्कळ दोष दिला, आणि तो निराधार नव्हता. परंतु त्याच मुलीस त्यांनीं स्वतः शिकविलें, व पुढें रमाबाई रानडे म्हणून त्या पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या.

न्यायमूर्ति तेलंग यांच्या मृत्यूनंतर १८९३ सालीं रानड्यांस हायकोर्टांत जागा मिळाली. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते परलोकवासी झाले.

विद्यार्थीमित्रहो, मोठें पद मिळाल्यावर नीट वागूं, असें आपण पुष्कळदां मनाशीं म्हणतों. शुभवर्तमानांतील विश्वासू दासाची कसोटी मात्र लहान कामांतच झाली होती. रानड्यांच्या कोर्टांत एखाद्या कुणब्याचा चार बिघे जमिनीचा दावा येई. जगाच्या दृष्टीनें तो क्षुल्लक, पण त्या कुणब्याचें सर्वस्व त्यांत असे. हें ज्यानें २२ वर्षें ओळखलें, त्यास ‘न्यायमूर्ति’ हें नांव हायकोर्टानें दिलें खरें. तें त्यानें मिळविलें मात्र खालच्या कोर्टांतच, असें आम्हांस वाटतें.