ब्लेंडर घराघरांत नेणारा बँडमास्टर: फ्रेड वॉरिंग

स्मूदी करताना आपण फळं टाकतो, दूध ओततो आणि बटण दाबतो. पण हे मशीन घरात आलं कसं? नेटवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं की ब्लेंडरचा शोध फ्रेड वॉरिंगने लावला. मला हे सरळ खोडायचंय. शोध त्याचा नाही, पण त्याच्याशिवाय ब्लेंडर इतका पोहोचलाही नसता. चला, पाहूया.

इंजिनीअरिंग सोडून बँड

वॉरिंगचा जन्म १९०० साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या टायरोन गावात झाला. पेन स्टेट कॉलेजमध्ये तो इंजिनीअरिंग शिकत होता. तिथल्या गायनमंडळाने त्याला प्रत्येक चाचणीत नापास केलं! मग त्याने शिक्षण सोडलं आणि स्वतःचा बँड घेऊन दौरे सुरू केले. 'पेनसिल्व्हेनियन्स' हा त्याचा बँड रेडिओवर तुफान गाजला.

मूळ कल्पना कुणाची?

भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवायची कल्पना स्टीफन पोप्लॉस्कीची, १९२२ च्या सुमाराची. ते यंत्र दुकानातल्या मिल्कशेकसाठी होतं. पुढे फ्रेडरिक ओसियसने ते सुधारायला घेतलं. १९३६ मध्ये खिसा रिकामा झालेला ओसियस न्यूयॉर्कमध्ये वॉरिंगला भेटला आणि वॉरिंगने पैसे लावले. सहा महिने आणि २५,००० डॉलर खर्चूनही मशीन नीट चालेना. मुख्य अडचण होती भांड्याच्या सीलची आणि पात्याच्या दांड्याची. शेवटी वॉरिंगने ओसियसला बाजूला केलं आणि डिझाइन दुसऱ्यांकडून नव्याने करून घेतलं.

१९३७ मध्ये शिकागोच्या रेस्टॉरंट प्रदर्शनात 'मिरॅकल मिक्सर' आला, किंमत २९.७५ डॉलर. पुढच्या वर्षी त्याचं नाव झालं 'वॉरिंग ब्लेंडर'. बँडच्या दौऱ्यात वॉरिंग हॉटेलवाल्यांना स्वतः तो दाखवायचा. १९५४ पर्यंत दहा लाख ब्लेंडर विकले गेले. पोलिओच्या लशीवर काम करताना जोनास साल्क यांनीही तो प्रयोगशाळेत वापरला. वॉरिंग १९८४ मध्ये वारला.

मला ओसियसचं वाईट वाटतं. त्याने स्थापलेल्या 'हॅमिल्टन बीच' कंपनीला नाव मिळालं त्याच्या दोन सहकाऱ्यांचं आणि ब्लेंडरला वॉरिंगचं. दोन्हीकडे त्याचं नाव नाही. म्हणून श्रेय वाटून द्यावं: कल्पना पोप्लॉस्कीची, मेहनत ओसियसची, पैसा आणि प्रचार वॉरिंगचा.

मग आपण काय घ्यायचं?

ज्या दोन गोष्टींनी वॉरिंगला छळलं, त्याच दुकानात आधी तपासा:

- सील: पात्याखालचं रबर वॉशर घट्ट हवं आणि सुटं मिळायला हवं. गळती इथूनच होते.
- पातं: हाताने हलवून बघा, डगमगलं तर घेऊ नका.
- भांडं: उंच आणि तळाशी निमुळतं असेल तर भोवरा तयार होतो आणि फळं आपोआप पात्याकडे ओढली जातात. चटणीचं बसकं भांडं कोरड्या-घट्ट वाटणासाठी असतं.
- मोटर: बर्फ किंवा गोठवलेली फळं रोज वापरणार असाल तरच जास्त वॅटची घ्या. पिकलेल्या केळ्या-आंब्याला घरातला मिक्सर पुरतो.

आणि हो, आधी दूध, मग मऊ फळं, शेवटी बर्फ. पातळ पदार्थ तळाशी असला की पातं अडकत नाही.