तिजोरीच्या किल्ल्या करदात्यांकडे सोपवणारा मुंबईकर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाच्या पुढ्यात एक भव्य पुतळा उभा आहे. लोकल गाठण्याच्या घाईत त्याच्यासमोरून रोज लाखो मुंबईकर जातात. रस्त्याचे आणि उद्यानाचे नाव म्हणून फिरोजशहा मेहता हे नाव त्यांच्या ओळखीचे असते. पण हा पुतळा नेमका याच दारात का, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. काँग्रेसचे अध्यक्षपद, विधिमंडळातील भाषणे, वृत्तपत्राची आणि बँकेची उभारणी अशा अनेक गोष्टी मेहतांच्या खात्यावर जमा आहेत. तरीही त्यांच्या आयुष्याचा गाभा एका साध्या प्रश्नाशी जोडलेला होता. शहरातील लोकांनी भरलेला पैसा कुठे आणि कसा खर्च व्हावा, हे कोणी ठरवायचे?

हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे मांडला तो २९ नोव्हेंबर १८७१ रोजी, धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये. तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. सभागृह संतप्त करदात्यांनी भरले होते आणि समोर उभा राहिलेला हा तरुण बॅरिस्टर नेमके त्यांना न रुचणारे बोलत होता. श्रोत्यांनी गलका करून त्यांचे म्हणणे उधळण्याचा प्रयत्न केला. परंतु त्या दिवशी मांडलेल्या आराखड्यातील मुख्य सूत्रच पुढे मुंबईच्या कारभाराचा पाया ठरले.

करदात्यांच्या संतापाला कारण होते. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिस ऑफ द पीस ही उपाधी मिळालेल्या प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे सोपवला होता. हे सदस्य सरकार नेमत असे. त्यांना कोणी निवडून देत नव्हते. प्रत्यक्ष अधिकार मात्र एकट्या आयुक्तांच्या हाती होते. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे झपाटून काम करणारे, पण हात सैल सोडणारे अधिकारी. रस्ते रुंद झाले, सफाईला शिस्त आली, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा भव्य बाजार उभा राहिला. शहराचे रूप पालटले. पण तिजोरी रिकामी झाली आणि कर्जाचा बोजा वाढला. कापसाच्या सट्ट्याचा फुगा १८६५ मध्ये फुटल्यापासून मुंबईची व्यापारी पेढी-दुकाने आधीच डबघाईला आली होती. त्यात कराचा भार वाढल्याने लोक रस्त्यावर उतरले नसते तरच नवल. नौरोजी फर्दुनजींसारखे अनुभवी नेते या चळवळीत अग्रभागी होते. क्रॉफर्ड यांना हटवावे आणि आयुक्तांचे अधिकार एका समितीकडे द्यावेत, असा चळवळीचा रोख होता.

मेहतांनी या रोखालाच आव्हान दिले. उधळपट्टी झाली हे त्यांना नाकारायचे नव्हते. पण क्रॉफर्ड यांच्या कामामुळे शहर राहण्याजोगे झाले, हेही ते विसरू देत नव्हते. त्यांच्या मते दोष खर्च करणाऱ्या एका माणसाचा नव्हता. त्याला जाब विचारायला बसवलेले मंडळच लोकांना जबाबदार नव्हते, हा खरा दोष होता. सरकारने नेमलेल्यांना लोकांच्या पैशाची चाड कशी असणार? अंमलबजावणी एकाच सक्षम अधिकाऱ्याकडे राहू द्यावी, मात्र पैसा मंजूर करण्याचा आणि हिशेब मागण्याचा अधिकार करदात्यांनी निवडून दिलेल्या सभेकडे असावा, असा त्यांचा आराखडा होता. अधिकारी बदलून भागणार नाही, ठरवणारे बदलले पाहिजेत, हा त्या भाषणाचा मथितार्थ होता.

एवढ्या लहान वयात जमावाविरुद्ध उभे राहण्याचे हे धाडस आले कुठून? ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात फिरोजशहांचा जन्म झाला. १८६४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून ते पदवीधर झाले आणि पाठोपाठ एम.ए.ही झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीने त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंग्लंडला गेले. ती देणारे रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई हे सट्ट्याच्या पडझडीत सापडले आणि शिष्यवृत्तीची पूर्ण रक्कम मेहतांच्या पदरात पडली नाही. शहराचा पैसा कसा येतो आणि कसा जातो, याचा पहिला धडा त्यांना असा स्वतःच्या शिक्षणातच मिळाला. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. बद्रुद्दीन तय्यबजी आणि व्योमेशचंद्र बॅनर्जी हे समवयस्क भेटले. तेथील लोकनियुक्त संस्थांचा कारभार जवळून पाहून १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

१८७२ चा नवा कायदा आला आणि मेहतांच्या मांडणीतील बरेचसे त्यात उतरले. महापालिकेच्या ६४ सदस्यांपैकी ३२ करदात्यांनी, १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे, असे ठरले. जमाखर्चावर नजर ठेवण्यासाठी १२ जणांची नगर समिती आली. १८७३ मध्ये निवडून आलेली ही महापालिका कामाला लागली आणि मेहता तिच्या कारभारात गुंतले ते अखेरपर्यंत. वकिलीसाठी त्यांना वारंवार मुंबईबाहेर, गुजरात-काठियावाडकडे जावे लागे. पण महापालिकेची सभा हा त्यांच्या दिनक्रमाचा अविभाज्य भाग होता. पाणीपुरवठा, गटारे, शाळा, इस्पितळे अशा रुक्ष विषयांवर ते आकडे आणि कलमे पाठ असलेल्या माणसासारखे बोलत. १८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षे ते महापालिकेचे अध्यक्ष होते. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत येणार होते, त्या वर्षी शहराच्या वतीने स्वागताचा मान सभागृहाने पुन्हा त्यांच्याकडेच सोपवला.

त्यांच्या कार्याचा कळस मात्र १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात दिसतो. सरकारने आणलेल्या मूळ विधेयकात आयुक्तांचे स्थान महापालिकेच्या बरोबरीने उंचावण्याचा प्रयत्न होता. तसे झाले असते तर लोकनियुक्त सभा केवळ सल्ला देण्यापुरती उरली असती. त्या वेळी मेहता गव्हर्नरच्या कायदेमंडळात होते आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्या साथीला होते. दोघांनी एकेका कलमावर किल्ला लढवला. अखेर शहराचा कारभार महापालिकेकडे निहित राहील, हे तत्त्व कायद्यात पक्के झाले. सदस्य ७२ झाले; त्यांतील ३६ प्रभागांतून करदाते निवडणार होते. नगर समितीच्या जागी स्थायी समिती आली. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचे, स्थायी समितीने ते तपासायचे आणि महापालिकेने मंजूर करायचे, ही आज सर्वांना परिचित असलेली साखळी तेव्हा घट्ट झाली. आयुक्त सरकारने नेमायचा, पण विशेष बहुमताने त्याला परत पाठवण्याचा हक्क सभागृहाला मिळाला. अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजही याच कायद्यावर चालतो.

कायदा झाला म्हणून प्रश्न संपला नव्हता. शहराच्या पोलिसांचा खर्च महापालिकेच्या माथी मारला जात होता. पोलिसांवर मात्र महापालिकेची काडीचीही सत्ता नव्हती. जो पैसा देतो त्याचा अधिकार चालला पाहिजे, आणि अधिकार नसेल तर पैसाही मागू नये, हा मेहतांचा मुद्दा होता. अनेक वर्षे त्यांनी तो लावून धरला. १९०७ च्या कायद्याने हा वाद मिटला. पोलिसांचा भार सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत ही कामे महापालिकेकडे आली. महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या पिढ्यांच्या वाट्याला जे आले, त्यामागे या रुक्ष हिशेबाचाही हात आहे.

प्रत्येक लढाई ते जिंकले असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. शहर शहराचेच, भार शहराच्या तिजोरीवर. पण विश्वस्तांमध्ये महापालिकेचे प्रतिनिधी अल्पसंख्य. मेहतांच्या तत्त्वाला छेद देणारीच ही रचना होती. हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला तो १९३३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर १८ वर्षांनी.

सभागृहावरची त्यांची पकड काही गोऱ्या अधिकाऱ्यांना खुपत होती. १९०७ च्या निवडणुकीत त्यांना बाहेर काढण्यासाठी वरिष्ठ अधिकारी आणि एका बड्या इंग्रजी दैनिकाचे संपादक यांनी मोट बांधली. जस्टिस मंडळींच्या १६ जागांसाठी मतदान झाले आणि मेहता सतराव्या क्रमांकावर राहिले. ज्या सभागृहासाठी आयुष्य वेचले, त्याचेच दार त्यांना बंद झाले. मुंबईत संतापाची लाट उसळली. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड न्यायालयात रद्द ठरली आणि मेहता पुन्हा आपल्या जागी येऊन बसले. कारस्थानाने त्यांची लोकप्रियता घटण्याऐवजी वाढली.

राष्ट्रीय राजकारणातही त्यांचा दबदबा होता. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, १९०४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, १९११ मध्ये सेंट्रल बँकेच्या स्थापनेत ते अध्यक्ष म्हणून सहभागी झाले आणि १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल सुरू केले. मवाळांचे ते खंदे पुढारी. लोकमान्य टिळकांच्या अनुयायांना त्यांची सावध चाल मान्य नव्हती आणि १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगली तेव्हा मेहता दुसऱ्या बाजूला होते. सभा आपल्या मुठीत ठेवण्याचा त्यांचा स्वभाव महापालिकेतही जाणवे. बिनमुकुटाचा राजा हे बिरुद कौतुकाचे होते, तसेच टीकेचेही. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लोकशाहीची एक मोठी मर्यादा नजरेआड करून चालणार नाही. १८७२ च्या जनगणनेनुसार मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजारांवर होती. मतदार मात्र काही हजारच. ठरावीक कर भरणाऱ्यालाच मत, असा नियम होता. गिरणीत राबणारा, चाळीच्या एका खोलीत भाड्याने राहणारा माणूस घरमालकामार्फत कराचा भार सोसत होता. पण खर्चाच्या निर्णयात त्याचा वाटा शून्य होता. करदाता म्हणजेच नागरिक, या समीकरणाच्या पलीकडे मेहतांची पिढी फारशी गेली नाही. १९२२ च्या दुरुस्तीने ठरावीक भाडे भरणाऱ्या भाडेकरूंना मत मिळाले, आणि प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडले.

त्यानंतर जगात हा विचार आणखी पुढे गेला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्त्यावस्त्यांत सभा घेऊन नागरिकांनाच खर्चाचा अग्रक्रम ठरवू दिला. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून आपल्या भागातील कामे सुचवून घेऊन ती अंदाजपत्रकात घालण्याची प्रथा सुरू केली. प्रतिनिधी निवडण्यापुरता नव्हे, तर पदपथ हवा की दिवाबत्ती हे सांगण्याचा अधिकार नागरिकाचा, अशी ही पुढची पायरी आहे. मेहतांनी घातलेली पहिली पायरी नसती, तर मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न आणखी किती काळ कोणाच्या डोक्यात आला असता?

मुंबईत मात्र ती पहिली पायरीही मध्यंतरी निसटली. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. २०२५-२६ चे ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक सभागृहातील चर्चेविना मंजूर झाले. मांडणारे आणि मंजूर करणारे एकच होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि सभागृहात पुन्हा लोकनियुक्त सदस्य आले. या काळात मुख्यालयाच्या दारातला पुतळा जागचा हलला नाही. १८७१ मध्ये भरलेल्या सभागृहाचा रोष पत्करून मेहतांनी मांडलेला प्रश्नही तसाच उभा आहे. तो प्रश्न दरवर्षी, अंदाजपत्रकाच्या वेळी, मुंबईकरांनी स्वतःच विचारायचा आहे.