पिकांचा वैद्य : सर अल्बर्ट हॉवर्ड

इंदूरच्या कृषी महाविद्यालयासमोरून आपल्यापैकी पुष्कळांचे जाणेयेणे झाले असेल. ज्या जागी ते उभे आहे तेथे १९२४ साली होळकर दरबाराने पट्ट्याने दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर एका इंग्रज शास्त्रज्ञाने वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारली. तिला पैसा मुख्यतः कापूस समितीचा व मध्य भारतातील संस्थानांचा. त्या शास्त्रज्ञाची ओळख आमच्या वाचकांस, विशेषतः मुलगा विज्ञान शिकून पुढे काय करील अशी चिंता असणाऱ्या आईबापांस, करून द्यावी असे आम्हांस वाटते.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडन व केंब्रिज येथे शिक्षण संपवून ते १८९९ साली वेस्ट इंडीज बेटांत बुरशीतज्ज्ञ म्हणून नोकरीस लागले. उसाचे व कोकोचे रोग ओळखायचे आणि उपाय सांगायचे, हे त्यांचे काम. पण त्यांना एक गोष्ट सलू लागली. सूक्ष्मदर्शक होता, ग्रंथ होते. नव्हती ती स्वतःची गुंठाभर जमीन. जो उपाय आपण स्वतः करून पाहिला नाही तो शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचा? पुढचे सारे आयुष्य या एका अस्वस्थतेतून घडले, असे आम्हांला वाटते.

१९०५ साली ते बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई केंब्रिजच्या नामांकित संशोधिका. गव्हाच्या सुधारित जातींचे जे काम पतीच्या नावावर सांगितले जाते त्यात त्यांचा वाटा बरोबरीचा होता. १९१३ साली सरकारने त्यांनाही शास्त्रज्ञाचे पद दिले.

पुसाला हॉवर्डनी औषध फवारायचे नाही असे ठरवले. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके फवारणीवाचून निरोगी कशी, हे ते पाहत राहिले. कीड व रोग हे शत्रू नसून जमीन कोठे बिघडली हे दाखवणारे गुरू आहेत, असा त्यांचा ग्रह झाला. त्यांचे बैल कुंपणाला लागून लाळखुरकताच्या जनावरांशी नाक घासत, तरी आजारी पडले नाहीत, ही हकिकत ते आवडीने सांगत.

इंदूरला हे विचार खड्ड्यात उतरले, अगदी शब्दशः! शेण गोवऱ्यांना जाई, पऱ्हाट्या चुलीत जात, आणि काळी जमीन उपाशी राही. हॉवर्ड व त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतल्या. त्यांवर शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व राख यांचे थर दिले, पाणी शिंपडले आणि ढीग तीनदा उलथला. तीन महिन्यांत उत्तम खत तयार! १९३१ साली दोघांनी यावर पुस्तक लिहिले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. १९३५ साली गांधीजींनी ही पद्धत इंदुरात स्वतः पाहिली.

पुस्तक निघण्याआधीच, १९३० साली, गॅब्रिएलबाई वारल्या. पुढच्या वर्षी हॉवर्ड स्वदेशी परतले. १९३४ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९४७ साली ते निवर्तले.

येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. सुपीक जमीन असली की सर्व रोग टळतात, हे त्यांचे मत टिकले नाही. गव्हाच्या तांबेऱ्याचे बीज डोंगराळ भागातून वाऱ्यावर येते, हे आग्र्याचे के. सी. मेहता यांनी दाखवले. ते बीज खत पाहून मागे फिरत नाही. तेथे रोगाला दाद न देणारी जातच पेरावी लागते. बैलांची हकिकतही एका माणसाने पाहिलेली, तिच्यावर विसंबून लस टाळू नये.

आज वनस्पतिरोगशास्त्र शिकायचे तर चार वर्षांची कृषी पदवी व त्यावर दोन वर्षे पदव्युत्तर अभ्यास करावा लागतो. पुढे संशोधन केंद्रे, कृषी विज्ञान केंद्रे, बियाणे कंपन्या, तसेच बंदरांवर व विमानतळांवर परदेशी रोपे तपासणारे सरकारी खाते येथे कामे मिळतात. इंदुरातच सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. मुलांना घेऊन आईबापांनी तिचे शेत एकदा पाहावे. पिवळा पडलेला सोयाबीनचा रोग तेथे कोणीही दाखवील.