गण बदलणारा शाहीर

गॅदरिंगला वग बसवायचा ठरला की आपल्या होस्टेलवर पहिली चर्चा होते ती मावशी कोण होणार याची! पण तमाशातून गवळणच काढून टाकणारा एक माणूस होऊन गेला, आणि तरी त्याच्या खेळाला माणसं तुडुंब जमायची. तो म्हणजे अण्णाभाऊ साठे. आमच्या वाळवा तालुक्यात हे नाव पोराटोरांना ठाऊक आहे, पण बहुतेकांचं ज्ञान पुतळा आणि जयंतीची मिरवणूक इथंच थांबतं. म्हणून हा खटाटोप.

जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, मांग समाजात. मूळ नाव तुकाराम. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची! (आपल्या चार वर्षांची साडेपाच कशी होतात, तो विषय नको.) बापाबरोबर चालत मुंबई गाठली, गिरणीत काम केलं, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्यात वावरले. लिहिणं-वाचणं असंच, जगता जगता झालं.

तमाशा मात्र रक्तात होता. नात्यातल्याच फडात त्यांनी काम केलेलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. इथं खरी गंमत आहे. तमाशाची सुरुवात गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं होते. मग गवळण, आणि त्यानंतर वग. अण्णाभाऊंनी गणात देवाच्या जागी कष्टकरी जनता आणि हुतात्मे यांना वंदन घातलं. गवळणीत बायकांवर जे चावट विनोद व्हायचे, ते गवळणीसकट गेले. ढोलकी, सोंगाड्या, हजरजबाबीपणा हे सगळं ठेवलं, कारण लोकांना तेच आवडत होतं. फक्त आता सोंगाड्या सावकाराची आणि शेठजीची टोपी उडवायला लागला. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन' ही नावंच बघा ना! ज्या गिरणी कामगाराला पेपर वाचता येत नव्हता, त्याला संप कशासाठी करायचा हे ढोलकीच्या तालावर कळत होतं. भाषणानं एवढं झालं असतं असं मला तरी वाटत नाही.

सरकारलाही ते कळत होतंच. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. अण्णाभाऊंनी काय केलं? नाव बदललं. तमाशाचं झालं लोकनाट्य! मला हा पठ्ठ्या सर्वात जास्त आवडतो तो इथं. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. गावाकडं राहिलेल्या बायकोच्या विरहातून त्यांनी थेट बेळगाव-कारवारचं दुःख उभं केलं.

मग आला सिनेमा. १९६१ मध्ये 'वैजयंता' पडद्यावर आला, त्यांच्याच कादंबरीवरून. गोष्ट तमाशात नाचणाऱ्या बाईची. गवळण गाळणाऱ्या माणसानं त्या बाईला नुसतं नाचायला नाही, माणूस म्हणून जगायला जागा दिली. १९६३ मध्ये 'फकिरा' आला. दुष्काळात आपली माणसं जगावीत म्हणून इंग्रजांचा खजिना आणि धान्य लुटणारा मांगाचा वीर त्यात मराठी सिनेमाचा नायक झाला. ज्या जमातीला सरकारनं गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला लावली होती, तिच्यातला नायक! पाटील-इनामदारांच्या सिनेमांच्या गर्दीत ही लहान गोष्ट नव्हती. त्या मूळ कादंबरीला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला होता.

पण सिनेमानं त्यांना पैसा काही दिला नाही. थेटरात 'फकिरा' लागला तेव्हा अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीतच राहत होते. जरा बरं घर मिळालं ते अगदी शेवटी, गोरेगावात. त्या घरात जेमतेम वर्षभर राहिले असतील. १८ जुलै १९६९ ला ते गेले, वयाच्या ४८ व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात अमर शेखही गेले.