इमाम गझाली आणि दुआचे अदब

परीक्षा जवळ आली की घराघरांतून दुआसाठी हात वर होतात. आई फजरच्या नमाजनंतर मुसल्ल्यावर बसून राहते, वडील जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत चार क्षण अधिक थांबतात, आणि मुलगा प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतो. निकाल मनासारखा लागला तर दुआ कबूल झाली असे आपण म्हणतो. नाही लागला तर मन खट्टू होते, आणि आपली हाक वर पोहोचते की नाही, अशी शंकाही क्वचित मनात डोकावून जाते.

ही शंका नवी नाही. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका थोर विद्वानाने दुआच्या प्रश्नाचा नीट विचार केला, आणि नुसता विचार करून न थांबता स्वतःच्या आयुष्यात त्याची कसोटी पाहिली. ते विद्वान म्हणजे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (र.अ.). मुस्लिम जगत त्यांना ‘हुज्जतुल इस्लाम’, म्हणजे इस्लामचा पुरावा, या पदवीने ओळखते. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मुद्दाम वाचावे असे आहे, कारण त्याचा आरंभच मुळी एका बापाच्या दुआने होतो.

बापाची दुआ

इमाम साहेबांचा जन्म हिजरी ४५०, म्हणजे इ.स. १०५८ मध्ये, इराणच्या खोरासान प्रांतातील तूस या गावी झाला. आजचे मशहद शहर तेथून जवळच आहे. वडील लोकर कातून पोट भरणारे गरीब गृहस्थ होते. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु काम संपले की ते आलिमांच्या सोहबतीत जाऊन बसत, त्यांची होईल ती सेवा करीत आणि डोळ्यांत पाणी आणून अल्लाहपाशी मागत की आपल्याला असा मुलगा दे, जो दीनचा जाणकार होईल. वाअझ ऐकायला गेले की तशाच कळवळ्याने मागत की आपला मुलगा लोकांना नसीहत करणारा होवो.

त्यांना दोन मुलगे झाले, मुहम्मद आणि अहमद. मुलगे लहान असतानाच वडिलांचा अंतकाळ आला. त्यांनी आपल्या एका सूफी मित्राला बोलावून घेतले, मुले त्याच्या हवाली केली आणि जवळ होती नव्हती ती सर्व पुंजी त्याच्या हातावर ठेवली. आपण शिकलो नाही ही खंत आयुष्यभर राहिली, ती या मुलांच्या शिक्षणाने भरून निघावी, पुंजी सगळी खर्च झाली तरी चालेल, एवढेच त्यांनी सांगितले आणि डोळे मिटले.

पुढे मुहम्मद आपल्या काळातील सर्वात मोठे आलिम झाले आणि अहमद नामांकित वाअझ करणारे झाले. दोन्ही दुआ कबूल झाल्या, पण मागणाऱ्याला त्या पाहायला मिळाल्या नाहीत. पालकांनी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, दुआ मागून हा बाप स्वस्थ बसला नाही. पदरची शेवटची कवडी त्याने शिक्षणासाठी काढून ठेवली. दुसरी, कबुलीची वेळ ठरविणे आपल्या हाती नाही. आपण लावलेल्या झाडाचे फळ कधी कधी आपल्या पाठीमागे येते.

गेलेल्या वह्या

वडिलांची पुंजी लवकरच संपली. सूफी मित्र स्वतःच फकीर होता. त्याने मुलांना मदरशात दाखल होण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होती. म्हणजे ज्ञानाच्या ओढीपेक्षा पोटाच्या गरजेनेच हा मुलगा मदरशात गेला. इमाम साहेब पुढे मोकळेपणाने ही गोष्ट सांगत की आम्ही इल्मकडे गेलो ते दुसऱ्याच हेतूने, पण इल्मने अल्लाहशिवाय दुसऱ्या कोणाचे व्हायला नकार दिला.

तूसमधील शिक्षण झाल्यावर ते कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जान येथे गेले आणि उस्तादांच्या व्याख्यानांची टिपणे घेऊन परत निघाले. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. चरित्रकार सांगतात की तरुण गझाली दरोडेखोरांच्या मागे धावत गेले आणि बाकी सर्व न्या पण माझ्या वह्या तेवढ्या परत द्या, त्यांत माझे सारे इल्म आहे, अशी विनवणी करू लागले. त्यावर दरोडेखोरांचा नायक हसला. वह्या गेल्याने जे जाते ते इल्म कसले, असे म्हणून त्याने वह्या परत दिल्या. हे शब्द त्या तरुणाच्या मनाला लागले. अल्लाहने आपल्याला रस्ता दाखविण्यासाठीच या माणसाला बोलते केले, असे त्यांनी मानले आणि गावी परतल्यावर तीन वर्षे खपून सर्व टिपणे मुखोद्गत केली.

मोठेपणाच्या शिखरावर

त्यानंतर ते निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी यांचे शागीर्द झाले. इ.स. १०८५ मध्ये उस्ताद वारल्यावर ते सेल्जुक सल्तनतीचे प्रसिद्ध वजीर निजामुल्मुल्क यांच्याकडे गेले. वजिरांच्या दरबारी विद्वानांच्या चर्चा होत. त्यांत या तरुणाने सर्वांवर छाप पाडली. इ.स. १०९१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतीस-चौतिसाव्या वर्षी, वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले. त्या काळी विद्येच्या क्षेत्रात याहून मोठी जागा क्वचितच असेल. तीनशे शागीर्द त्यांच्यापुढे बसत. खलीफाच्या दरबारात मान होता, घरात संपत्ती होती, ग्रंथांची कीर्ती दूरवर पसरली होती.

परंतु आतून हा माणूस अस्वस्थ होता. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर नावासाठी असेच आले. सर्व सोडून निघून जावे असे सकाळी ठरवावे आणि संध्याकाळी तो बेत मोडावा, असे होऊ लागले. इ.स. १०९५ च्या रजब महिन्यापासून जवळजवळ सहा महिने ही ओढाताण चालली.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. त्यांची जीभच बंद झाली. शागीर्द समोर बसलेले असत, त्यांच्यासाठी चार शब्द बोलावेत अशी इच्छा असे, पण तोंडातून शब्द फुटत नसे. त्या दुःखाने अन्न जाईना, पाण्याचा घोटही गळ्याखाली उतरेना. हकिमांनी हात टेकले. हा रोग मनातून शरीरात उतरला आहे, मन शांत झाल्याखेरीज त्यावर दवा नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला.

अगतिकाची दुआ

ज्याच्या बोलण्यावर बगदाद लुब्ध होते, त्याच्याजवळ आता बोलायला शब्द उरले नव्हते. बुद्धी चालेना, औषध चालेना, ओळखीपाळखी चालेनात. अशा वेळी सर्व दरवाजे बंद झालेल्या माणसासारखे ते अल्लाहला शरण गेले. अगतिक माणसाची हाक अल्लाह ऐकतो, ही कुरआन शरीफची शिकवण आहे. इमाम साहेबांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की त्यांचीही हाक ऐकली गेली.

पण कबुली कोणत्या रूपाने आली पहा. मानमरातब आणखी वाढला, असे झाले नाही. तो मान, पैसा आणि गोतावळा सोडून देणे त्यांच्या मनाला सोपे झाले. सहा महिने जे जमत नव्हते, ते एकाएकी हलके वाटू लागले. आपण मागतो ते देणे ही एक कबुली. ज्याच्यावाचून आपले अडते असे वाटते, त्याची पकड मनावरून सैल करणे ही दुसरी, आणि कदाचित अधिक मोठी.

बायकामुलांच्या उदरनिर्वाहापुरते ठेवून त्यांनी बाकीची संपत्ती वाटून टाकली. मदरशातील जागा धाकटे बंधू अहमद यांनी काही काळ सांभाळली. लोकांनी अडवू नये म्हणून मक्केला जातो असे सांगून ते बगदादहून निघाले आणि शाम देशी दमास्कसला गेले. तेथे जवळजवळ दोन वर्षे ते राहिले. जामा मशिदीच्या मिनारावर जाऊन, दार लावून, दिवसभर इबादतीत बसत. पुढे बैतुल मुकद्दसला गेले. हजरत इब्राहीम (अ.) यांच्या मजारपाशी त्यांनी मनाशी तीन गोष्टी ठरविल्या : बादशहाचा पैसा घ्यायचा नाही, बादशहाच्या दारी जायचे नाही आणि वादविवादाच्या फडात उतरायचे नाही. त्यानंतर हज केली.

दुआचे दहा अदब

या एकांतवासाच्या काळातच त्यांचा ‘इह्याउ उलूमिद्दीन’ हा महान ग्रंथ आकाराला आला. त्याचे चाळीस भाग आहेत आणि त्यांतील नववा भाग जिक्र व दुआ यांविषयी आहे. त्यात इमाम साहेबांनी दुआचे दहा अदब सांगितले आहेत. त्यांचा सारांश असा :

पहिला, उत्तम वेळ साधावी : अरफाचा दिवस, रमजान, जुमा आणि पहाटेपूर्वीची सहरची घटका. दुसरा, उत्तम स्थिती साधावी : सजद्यात असताना, रोजा असताना, अजान व इकामत यांच्यामध्ये, पाऊस पडत असताना. तिसरा, किबल्याकडे तोंड करून हात उचलावेत. चौथा, आवाज मध्यम ठेवावा, ना ओरडणे ना अगदी कुजबुज. पाचवा, यमके जुळवून भाषेचा डौल दाखवू नये. मागणाऱ्याची भाषा साधी असते. सहावा, मनात नम्रता, भीती आणि आशा असावी. सातवा, दुआ कबूल होणारच असा पक्का यकीन ठेवावा. आठवा, पुन्हा पुन्हा मागावे, पण उशीर झाला म्हणून उतावीळ होऊ नये. नववा, एकदम मागणीला हात घालू नये, आधी अल्लाहची स्तुती करावी आणि पैगंबर साहेबांवर (स.) दरूद पाठवावा.

दहावा अदब आतला आहे, आणि कबुलीचे मूळ इमाम साहेबांनी त्यातच पाहिले. तौबा करावी, ज्याचा हक्क मारला असेल त्याचा परत करावा आणि मग सर्व मनाने अल्लाहकडे वळावे. येथे त्यांनी हजरत मूसा (अ.) यांची एक कथा दिली आहे. दुष्काळ पडला म्हणून हजरत मूसा लोकांना घेऊन पावसासाठी दुआ मागायला गेले, पण पाऊस येईना. तुमच्यात एक चहाडखोर आहे म्हणून दुआ अडली आहे, असे त्यांना कळविण्यात आले. तो कोण, असे त्यांनी विचारले. तेव्हा उत्तर मिळाले की चहाडीची मनाई करणाऱ्यानेच चहाडी कशी करावी? मग सर्वांनीच तौबा केली आणि पाऊस आला.

किती मार्मिक कथा आहे! दुआ अडली की आपण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. येथे कोणाचेही नाव सांगितले नाही, म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या मनात डोकवावे लागले. शेजाऱ्याचा बांध कोरून, भावाचा हिस्सा दाबून, मापात कमी देऊन आणलेल्या पैशावर मुलाची फी भरायची आणि त्याच्या यशासाठी हात वर करायचे, यात मेळ कसा बसावा?

ढाल आणि पाणी

जे नशिबात लिहिले आहे तेच होणार असेल तर दुआ मागून काय उपयोग, असा प्रश्न आजचे विद्यार्थीही विचारतात. इमाम साहेबांनी तो टाळला नाही. त्यांचे म्हणणे असे की बला दुआने टळणे हेही नशिबातच लिहिलेले असते. ढालीमुळे बाण अडतो आणि पाण्यामुळे बी उगवते. म्हणून नशिबावर विश्वास ठेवणारा ढाल टाकून देत नाही, की पेरलेल्या शेताला पाणी द्यायचे थांबत नाही. दुआही तशीच एक साधन आहे. याच न्यायाने अभ्यास हेही साधन आहे. एक धरून दुसरे सोडणाऱ्याला इमाम साहेबांच्या शिकवणीत आधार सापडणार नाही. ‘अय्युहल वलद’ या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी एका शागीर्दाला हेच बजावले आहे की अमलावाचून नुसते इल्म कामाचे नाही, आणि इल्मवाचून अमल होत नाही.

अखेरची वर्षे

सुमारे अकरा वर्षांनी, इ.स. ११०६ मध्ये, वजीर फख्रुल्मुल्क यांच्या आग्रहावरून इमाम साहेबांनी निशापूरच्या निजामिया मदरशात पुन्हा शिकवायला सुरुवात केली. बंद झालेली जीभ पुन्हा शागीर्दांपुढे बोलू लागली. पण आता शिकवणारा बदलला होता. पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो, आता मानाचा मोह सोडवणारी विद्या शिकवतो, असे ते स्वतःविषयी म्हणत. पुढे ते तूसला परतले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह होती. तेथेच अखेरचे दिवस गेले.

हिजरी ५०५, म्हणजे इ.स. ११११ च्या डिसेंबर महिन्यातील एका सोमवारी पहाटे त्यांनी वजू करून नमाज अदा केली. मग कफन मागवून घेतले, त्याचे चुंबन घेऊन डोळ्यांना लावले, मालकाचा हुकूम शिरसावंद्य असल्याचे सांगितले आणि किबल्याकडे तोंड करून पाय पसरले. उजाडण्यापूर्वी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. ही हकिगत बंधू अहमद यांनी सांगून ठेवली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, दुआ जरूर मागा, आणि आधी मन लावून अभ्यास करा. पालक बंधु-भगिनींनो, मुलांसाठी हात उचलण्यापूर्वी त्या हातांत कोणाचा हक्क अडकलेला नाही ना, हे पाहून घ्या. तूसच्या त्या निरक्षर लोकर कातणाऱ्याने एवढेच केले होते. अल्लाह आपल्या सर्वांना तशी दुआ मागण्याची तौफीक देवो. आमीन.