कोडी वाटणारे मास्तर

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. आता त्या अंकांपासून होणारी सगळ्यात मोठी संख्या लिहा, तिच्याखाली सगळ्यात लहान लिहा आणि वजाबाकी करा. जे उत्तर येईल त्याचंही परत तेच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता, आणि तिथून पुढे सरकता येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च.

कॅल्क्युलेटर नको, कागद-पेन घ्या. मजा कागदावरच आहे.

याला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. हे कापरेकर म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीतले एक शाळामास्तर. वाङ्मय मंडळाच्या अंकात गणितवाला कशाला, असं कुणी विचारेल. पण कोडं ही चीज आधी भाषेचीच आहे की. मराठीत उखाणा म्हणजे नवऱ्याचं नाव घेणं एवढंच आपल्याला माहीत असतं, पण त्याचा दुसरा अर्थ कोडं असाच आहे. आमच्या घरी कोंकणीत त्याला हुमाणें म्हणतात. हुमाण्याची एक खासियत अशी की ते एकट्याला घालता येत नाही. समोर कुणीतरी हवं, त्यानं डोकं खाजवायला हवं, आणि उत्तर कळल्यावर कपाळावर हात मारायला हवा. कापरेकरांचं सगळं आयुष्य मला असं हुमाणें घालत फिरणाऱ्या माणसाचं वाटतं. काहींनी उत्तरं शोधली, बऱ्याच जणांनी हसून सोडून दिलं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवा, त्यात आकडेमोड मात्र भरपूर असते. आई नसलेल्या घरात बाप कागदावर आकडे मांडतोय आणि मुलगा शेजारी बसून बघतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. ते माझ्या कल्पनेतलं आहे, पण मुलाला आकड्यांची गोडी वडिलांमुळे लागली एवढं खरं.

माध्यमिक शाळा ठाण्याला झाली. गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जायचे. १९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. विद्यार्थ्यानं स्वतः केलेल्या नव्या कामासाठी ते दिलं जायचं, पाठांतरासाठी नव्हे. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले. पुढचं पदव्युत्तर शिक्षण झालंच नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. नोकरीची हकिगत एवढीच. खरी गोष्ट शाळेबाहेरच्या वहीत चालली होती.

देवळालीबद्दल एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्यांनाच नीट कळेल. आपल्या बेळगावसारखीच देवळालीही छावणीची. ब्रिटिश काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई तिथल्या कॅम्पात बोटीची वाट बघत पडून असायचे. कंटाळा, ऊन, ताप. त्यावरून डोकं फिरलेल्या माणसाला डूलाली म्हणायची पद्धत पडली. डूलाली म्हणजे आपली देवळालीच. इंग्रजीच्या शब्दकोशात हे गाव वेडेपणाचं नाव होऊन बसलंय. आणि गणितात? तिथे देवळाली संख्या आहेत! एकाच गावाचं नाव एका कोशात वेडासाठी आणि दुसऱ्या कोशात एका मास्तरच्या शोधासाठी. कापरेकरांना हसणाऱ्यांना बहुतेक पहिलाच कोश माहीत असावा.

या देवळाली संख्या काय आहेत ते सांगते. एक संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ घेतलं तर १ आणि २ मिळून ३, म्हणजे १५ झाले. १५ मध्ये ६ मिळवले की २१. २१ मध्ये ३ मिळवले की २४. अशी आईपासून मुलगी, मुलीपासून नात, वंशावळ चालू राहते. आता उलटं विचारा. २१ ची आई १५. मग २० ची आई कोण? शोधा, सापडणार नाही. २० कुणापासूनच होत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. आपण देवळातल्या पिंडीला म्हणतो तसं! याच देवळाली संख्या. उलट काहींना दोन आया असतात. १०१ घ्या. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१ आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. अशांना त्यांनी जंक्शन म्हटलं, दोन मार्ग येऊन मिळतात ते स्टेशन.

रेल्वे त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही असं दिसतं. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, असे चढून उतरणारे आकडे तुम्ही पाहिले असतील. नऊ एकांपर्यंत हा जिना बिनचूक चालतो. या कुळातल्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिलं. मुंबईपासून तीस मैलांवर जीआयपी रेल्वेचं जे स्टेशन, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. लोकलच्या गर्दीत लोकांना घामाशिवाय काही सुचत नाही, आणि या माणसाला तिथे वर्गसंख्या सुचल्या.

आपल्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं. हर्ष देणारी ती हर्षद. हे नाव मला फार आवडतं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून सांगते, नाव ठेवणं सोपं नसतं. शास्त्रज्ञ सहसा आपलं आडनाव चिकटवतात किंवा ग्रीक-लॅटिनकडे धावतात. कापरेकरांनी एका संख्येला संस्कृतातला आनंद दिला, एकीला गावचं स्टेशन, एकीला देवळातला शब्द. गणितानंद असं त्यांना मराठीत म्हणायचे ते उगाच नव्हे. आणि बघा, त्यांचं जन्मसाल १९०५, अंकांची बेरीज १५, आणि पंधरा गुणिले १२७ बरोबर १९०५. जन्मसालच हर्षद! ६१७४ सुद्धा हर्षद आहे. अठरानं भागा, ३४३ येतात, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. जास्तीत जास्त वजाबाक्याही सातच. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. नुसतं बघून खूश व्हा.

आणखी एक कोडं इथेच घालते, कारण त्याला मोठा प्रवास आहे. ४५ चा वर्ग २०२५. मधून कापा, २० आणि २५, बेरीज ४५. मूळ संख्या परत हातात! ५५ चा वर्ग ३०२५, तीस अधिक पंचवीस ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, त्यातले ८८ आणि २०९ मिळवले की २९७. यांना कापरेकर संख्या म्हणतात. यातल्या ३०२५ ची गंमत इंग्लंडात हेन्री ड्यूडनी नावाच्या कोडेकारानं १९१७ च्या पुस्तकात फाटलेल्या चिठ्ठीच्या रूपात घातली होती. चिठ्ठी मधोमध फाटली, एका तुकड्यावर ३० आणि दुसऱ्यावर २५ राहिले. त्याचं कोडं एका चिठ्ठीचं होतं. कापरेकरांनी अशा संख्यांचं अख्खं कूळ शोधत नेलं. वाचकाला एकदा चकित करून सोडून देणं आणि त्याला पुढे चालत राहायला लावणं, यांतला फरक इथे दिसतो.

६१७४ त्यांना १९४६ च्या सुमारास सापडला. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो लोकांसमोर मांडला. टाळ्यांचा कडकडाट वगैरे काही झाला नाही. देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. याचा उपयोग काय, यात खोल असं काय, हे प्रश्न त्यांच्या वाट्याला कायम आले. चांगल्या नियतकालिकांत फारसं स्थान मिळेना. मग त्यांनी देवळालीहून स्वतःच पुस्तिका छापल्या. शाळामास्तरच्या पगारात स्वतःची पुस्तकं छापणं म्हणजे काय, ते घर चालवणाऱ्यांना विचारा.

त्या हसणाऱ्यांची बाजू थोडी मांडायला हवी. संख्याशास्त्रातले मोठे प्रश्न असतात ते संख्यांच्या स्वभावाचे. कापरेकरांची बरीच कोडी आपण दहाच्या पद्धतीनं लिहितो म्हणून जमतात, लिहायची पद्धत बदलली की उत्तरं बदलतात. विद्वानांचा आक्षेप साधारण असा, आणि तो खोटा नाही. पण यमकही एका भाषेतून दुसरीत नेलं की मोडतंच की. म्हणून कवितेला कुणी पोरखेळ म्हणत नाही. दहा बोटांच्या माणसांनी दहाच्या पद्धतीत लिहिलं, त्या लिहिण्यातच काय काय दडलंय ते या मास्तरनी बघितलं. मला तरी हे साहित्याच्याच जवळचं काम वाटतं.

शाळेत मात्र कुणी हसत नसे. संख्यांचं हे वेड ते वर्गात आणायचे आणि पोरांना गणिताकडे ओढायचे. आसपासच्या कॉलेजांतूनही त्यांना बोलवणं यायचं. हे कसं होत असेल त्याचा थोडा अंदाज मला गेल्या मे महिन्यात शहापुरात आला. आमच्या गल्लीतल्या पोरांना ६१७४ शिकवला. दोन दिवसांत त्यांनी तो रस्त्यावर नेला, कारण प्रत्येक गाडीच्या पाटीवर चार आकडे तयारच असतात. केए २२ ची एक स्कूटर, आकडा २५४९. पाटीवर आकडे वाचायचे आणि खडूनं जमिनीवर वजाबाकी मांडायची. ७०८३, मग ८३५२, मग ६१७४. तीन वजाबाक्या. कोल्हापूरकडचा एमएच ०९ चा टेम्पो आला, ६६३०. ६२६४, ४१७६, ६१७४. त्याच्याही तीनच. पोरांत एक मराठी माध्यमाचा, दोन कन्नडचे, बाकी इंग्रजीवाले. हातचा घेताना प्रत्येक जण आपापल्या भाषेत पुटपुटत होता. निपाणीकडून आलेला केए २३ चा ट्रक कोपऱ्यावर दिसला तर त्याचा आकडा आधी कुणी वाचायचा यावर भांडण. भाषेवरून नव्हे हो, नंबरवरून!

आता त्यांच्या उतारवयाकडे येते, हा भाग लिहिणं जड जातं. १९६२ मध्ये निवृत्ती, १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना. ते अगदी कमीत कमी खर्चात राहायचे, त्यांना आकड्यांपलीकडे काही नकोच होतं, तरीही पुरेना. मग पोटासाठी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. जो माणूस हौसेनं आयुष्यभर फुकट कोडी वाटत आला, त्याला म्हातारपणी त्याच विषयाचे तासावर पैसे घ्यावे लागले. यात लाजेसारखं काहीच नाही, पण मला ते टोचतं.

आणि मग १९७५. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक सायंटिफिक अमेरिकन या मासिकात गणिती खेळांचं सदर चालवत होते. गार्डनर स्वतः गणिताचे पदवीधर नव्हते, तत्त्वज्ञान शिकलेले होते. त्यांच्या सदराची ताकद वाचकांत होती. कोडं घालायचं, जगभरातून पत्रं यायची, त्यातून नवीन कोडं निघायचं. हुमाणें घालायला त्यांच्यासमोर अख्खं जग बसलेलं. या सदरात त्यांनी कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव सगळीकडे गेलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती, ६१७४ सापडून जवळजवळ तीस. एका कोडेवाल्याला दुसऱ्या कोडेवाल्यानं ओळखलं, पण त्यासाठी मद्रासपासून न्यूयॉर्कपर्यंत जावं लागलं.

पुढे काही ऐषाराम आला नाही. १९८६ मध्ये देवळालीतच ते वारले. जन्मसाल १९०५ वर वजाबाकी करून बघा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात पायऱ्या, लांबात लांब वाट. १९८६ घेतलंत तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येतं, आणि तिथून पुढे तीच वाट.

तीन अंकी संख्यांचंही असंच एक शेवटचं स्टेशन आहे. ते मी इथे छापत नाही. तसंच ड्यूडनीनं फाटक्या चिठ्ठीसाठी आणखी एक चार अंकी संख्या मागितली होती, चारही अंक वेगवेगळे असलेली. ३०२५ चालणार नाही, ती सांगून झाली. दोन्ही उत्तरं काढून कॅन्टीनमध्ये मला गाठा. एकटे येऊ नका, न सुटलेला एक जण बरोबर आणा.